कुंथलात, आणि समोरचा चेहरा गायब

गणपती जवळ आले की मिरवणुकीतल्या लेझर झोतांवरच्या बंदीची बातमी हमखास येते. त्या झोतांनी डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण त्यासाठी झोतच लागतो असं नाही. जिममध्ये दम कोंडून वजन उचललं, बद्धकोष्ठात जोरात कुंथलं, उलट्यांनी हैराण झालं, तरी पुरतं. आणि गंमत म्हणजे तिथे उपयोगी पडतो तो लेझरच.

श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो. डोक्याकडच्या शिरांना तो अडवणाऱ्या धड झडपा नसतात. दाब डोळ्यापर्यंत पोचतो आणि पडद्यावरची एखादी केशवाहिनी फुटते. १९७२ मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ थॉमस ड्युएन यांनी हे मांडलं, पण नाव लागलं व्हाल्साल्वाचं. हा इटालियन शरीररचनातज्ज्ञ बिचारा कानांचा अभ्यासक. विमानात नाक दाबून आपण कान मोकळे करतो, ती युक्ती त्याच्याच नावावर आहे.

बहुधा दुखत नाही. फक्त नेमकं मधलंच दिसेनासं होतं: बसच्या पाटीच्या कडा दिसतात, नंबर नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आलेली जाळी ज्या याग लेझरने कापतात, तोच इथे वापरतात. मधुमेहींना देतात तो लेझर जाळतो, हा फोडतो. हनुवटी टेकवायची, डोळा सुन्न करणारे थेंब, वर भिंग. पडद्यापुढच्या ज्या पापुद्र्याआड रक्त साचतं, त्याच्या खालच्या कडेला, दृष्टीच्या केंद्रापासून लांब, नेम धरून मोजके ठोके. छिद्र पडलं की रक्ताची बारीक धार खाली डोळ्यातल्या जेलीत उतरताना डॉक्टरांना दिसते. तिथे ते सावकाश जिरतं. नजर बऱ्याचदा काही दिवसांतच परत येते.

हे वाचून कुणी लेझरचा हट्ट धरू नये. लेझर रक्तस्राव थांबवत नाही, साचलेल्याला वाट करून देतो, इतकंच. साठा लहान असेल तर काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. साठा मोठा आणि साधारण तीन आठवड्यांच्या आतला असेल, तरच लेझरला अर्थ. पुढे गुठळी होते आणि छिद्र पाडूनही निचरा होत नाही. नेम चुकला तर पडद्यालाच भोक पडू शकतं. पण एकच डोळा चांगला असलेल्याला महिनोन्महिने थांबा कसं सांगणार?

मधुमेहींनी मात्र सगळं खापर कुंथण्यावर फोडून मोकळं होऊ नये. त्यांच्या पडद्यावर मुळात नव्या, नाजूक वाहिन्या वाढलेल्या असू शकतात. तसं निघालं तर बहुधा तो दुसरा, जाळणारा लेझर लागतो.