नवरदेवाचा बूट

खामगावात नवरदेवासाठी बूट घ्यायचा असेल, तर तो दुपार कलल्यावर घ्यावा. दिवसभर उभं राहून, फिरून पाय थोडा फुगलेला असतो, आणि घाटाखालच्या उन्हाळ्यात तर फुगतोच. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जो बूट नेमका बसतो, तोच रात्री वरातीत चावायला लागतो. लगनसराईत बस्ता बांधायला निघालेली मंडळी साड्या, मग नवरदेवाचा सूट, मग भांडी असं करत बुटाकडे शेवटी येतात, म्हणजे आपोआप योग्य वेळी येतात. फक्त तोवर सगळे थकलेले असतात आणि पहिल्याच चकचकीत जोडीला 'चालते' म्हणून मोकळे होतात.

दुकानात पाहत बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. नवरदेव बाकावर बसून बूट चढवतो, मामा पुढून अंगठ्याने टोक दाबून पाहतो आणि तिथेच सौदा पक्का होऊ घातलेला असतो. मुरलेला दुकानदार घाई करत नाही. 'उठा भाऊ, दोन चकरा मारा. बसल्यानं काय समजते? उभं राह्यलं का पाय पसरते.' मग तो टोकाकडे न पाहता नवरदेवाच्या टाचेकडे पाहतो. पाऊल उचलताना टाच बुटातून किंचित सुटली तर हरकत नाही, नवा सोल अजून वाकत नसतो. पण ती पार वर येत असेल तर तो नंबर मोठा. चवड्याच्या दोन्ही बाजूंना कातडं फुगून सोलच्या बाहेर डोकावत असेल तर बूट अरुंद. 'घालून घालून सैल होईल' हे कातड्याच्या रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, लांबीबाबत अजिबात नाही. आणि रेक्झिनच्या बुटाबाबत तर कशातच नाही.

अरुंदपणा हे आपल्याकडचं मोठं दुखणं. जन्मभर चप्पल घालून आणि शेतात अनवाणी चालून पायाची बोटं मोकळी पसरलेली असतात, आणि दुकानातले नंबर मात्र इंग्रजी मापाचे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर, तोही लांबीचा. रुंदीचं वेगळं माप आपल्या दुकानात कुणी विचारत नाही नि कुणी ठेवतही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, हे त्यातून कागदावर आलं आणि 'भा' नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. खामगावच्या बाकावर मात्र अजून जुनाच तोडगा चालतो: रुंदीसाठी एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा. ज्या गावात १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी, तिथे कापसाला काय तोटा! पण असा बूट घोट्याखाली पकड घेत नाही, आणि कापूस सरकून बोटांखाली गोळा होतो तो वेगळाच.

त्यापेक्षा लेसचा प्रकार बदलावा. ऑक्सफर्ड म्हणतात त्या बुटात लेसच्या दोन्ही पट्ट्या खालून शिवून बंद केलेल्या असतात. सुटावर तो रुबाबदार दिसतो, पण उंच किंवा रुंद पायाला जागा देत नाही. डर्बीच्या पट्ट्या वरून मोकळ्या असतात, हव्या तेवढ्या उघडतात. आपल्या बहुतेक पायांना डर्बीच बरा, असं माझं मत. आता मामाचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: मांडवात दहा वेळा बूट काढायचा, लेस कोण सोडत बसणार? देवदर्शन, मंगलाष्टकं, सप्तपदी, आणि साळ्या टपलेल्या. म्हणून बिनलेसचा बूट खपतो जास्त. तो घ्यायचाच तर आज घट्ट वाटेल असा घ्यावा, कारण सैल पडला की त्याला आवळायची सोयच नाही.

खरी गोम मात्र खाली, सोलमध्ये आहे. आपल्याकडे हा बूट लग्नात घातला की खोक्यात जातो आणि पुढच्या भाच्याच्या लग्नातच बाहेर येतो. तुळशीचं लग्न उरकलं की चौकातल्या चर्मकार दादांपुढे अशा जोड्या यायला लागतात. एक जोडी मी अगदी जवळून पाहिली. वरचं कातडं नवंकोरं, पॉलिशसुद्धा तसंच. दादांनी ती तीन पायांच्या लोखंडी ऐरणीवर उपडी घातली, रापीचं टोक टाचेला लावलं आणि सोल शिळ्या भाकरीसारखा तुकड्या-तुकड्यांनी गळून पडला. गिऱ्हाईक म्हणे, 'दोनदाच घातला होता!' दादा म्हणाले, 'म्हणूनच तं!'

तो सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हलका आणि मऊ असल्याने दुकानात तोच पायाला आवडतो. पण हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, उष्णतेने आणखी लवकर, आणि बंद खोक्यात पडून राहिला तरी ते थांबत नाही. रोज ऑफिसला घालणाऱ्याला याने फरक पडत नाही, सोल झिजून संपेपर्यंत तो टिकतो. वर्षातून दोनदा घालणाऱ्याने मात्र वजनाला थोडा जड असा टीपीआर किंवा रबराचा सोल मागावा. कडेने दिसणारी शिलाई पाहून फसू नये. पुष्कळदा ती नुसती शोभेची असते आणि सोल गोंदावरच असतो. दादांकडून नव्या बुटालाच बाजूने आरीची शिलाई मारून घेतली तर खर्च मामुली आणि काम पक्कं.

कातडं पाहायचं तर वाकवून पाहावं. खऱ्या कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात, रेक्झिनवर एकच जाड घडी पडते. रंगाबद्दल फार डोकं शिणवू नये. काळा सगळीकडे चालतो, तपकिरी काळ्या सुटाखाली नको, आणि शेरवानी असेल तर बुटाऐवजी मोजडीच घ्यावी.

घरी आणल्यावर हळदीच्या आधी चार-सहा संध्याकाळी लग्नातलेच मोजे घालून घरातल्या घरात फिरावं. लग्न झालं की प्लॅस्टिकची पिशवी फेकून द्यावी, आत कागद भरावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो बूट घालून बाजार करून यावं. घरचे हसतील, हसू द्यावं.