चार घटकांचे दार

मुलांनो, मनगटावर बोट ठेवून पाहा. नाडीचा ठोका लागतो ना? प्रत्येक ठोक्यानंतर आपले हृदय क्षणभर विसावते. हा विसावा वेळेवर मिळावा, म्हणून हृदयाच्या पेशींत अतिशय लहान दारे असतात.

प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते. पेशीत पोटॅशियमचे विद्युतभार असलेले कण असतात. अशा कणांना आयन म्हणतात. ते पटलातून सहज आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. दार उघडले की पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि ठोक्यासाठी उत्तेजित झालेली पेशी पुन्हा शांत होते.

हे दार एकसंध नसते. प्रथिनाचे चार घटक गोलाकार जुळतात आणि त्यांच्या मधोमध वाट तयार होते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी १९९१ मध्ये दोन प्रकारचे घटक एकत्र मिसळले. त्यांतून बनलेल्या दारांवर विंचवाच्या विषाचा परिणाम मोजून त्यांनी दाखवले, की घटक चारच असतात. १९९८ मध्ये त्यांनी एका जीवाणूतील अशा दाराची रचना उलगडली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

सोबती बदलला की दाराचा स्वभाव बदलतो. हृदयातील एक दार केसीएनक्यू-१ नावाच्या चार घटकांचे असते. ते नुसते असले तर लवकर उघडते, पण प्रवाह कमी असतो. केसीएनई-१ हे छोटे प्रथिन त्याला जोडले गेले, की तेच दार सावकाश उघडते आणि प्रवाह कितीतरी वाढतो. ही गोष्ट १९९६ मध्ये समजली. धावताना ठोके जलद पडतात, तेव्हा हा प्रवाह फार उपयोगी पडतो.

आता एक हिशेब करा. मुलाला एका पालकाकडून चांगले जनुक मिळाले आणि दुसऱ्याकडून बिघडलेले, तर निम्मे घटक चांगले आणि निम्मे सदोष बनतात. नाणे चार वेळा उडवले, तर चारही वेळा छापा पडण्याची शक्यता १६ पैकी १ असते. त्याचप्रमाणे चारही घटक चांगले असलेले दार सोळांत एकच! खाटेचा एक पाय मोडला की सगळी खाट कोलमडते. काही जनुकदोषांत एकच सदोष घटक सगळे दार निकामी करतो. मग हृदयाला विसावायला उशीर होतो. अशी मुले धावताना किंवा पोहताना एकाएकी बेशुद्ध पडतात. कधी मृत्यूही ओढवतो.

म्हणून खेळता खेळता कोणी बेशुद्ध पडले, तर 'चक्कर आली असेल' असे म्हणून सोडून देऊ नका. मोठ्यांना लगेच सांगा. डॉक्टर हृदयाचा विद्युत आलेख काढतात. रोग वेळीच ओळखला, तर नियमित औषधांनी धोका पुष्कळ कमी होतो.

स्वाध्याय
१. पेशी पुन्हा शांत कशी होते?
२. केसीएनई-१ जोडले गेल्यावर दारात कोणते दोन बदल होतात?
३. नाणे चार वेळा उडवल्यास मिळणाऱ्या सोळा शक्यता लिहा.