दस्तुरीच्या पुढे

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडावर जायचं तर गाडी पायथ्याशी ठेवून पायऱ्या चढाव्या लागतात. किल्लाच तो, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण शाळा, बाजार, दवाखाना असलेलं नांदतं गाव मोटारीवाचून चालेल का?

रायगड जिल्ह्यातलं माथेरान चालतं आहे. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. पुढे लाल मातीची वाट, घोडे आणि १९०७ साली नेरळहून वर आलेली छोटी रेल्वे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. तिथे मुलं रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालतात, हॉर्न नसल्याने पाखरं ऐकू येतात आणि पार्किंगसाठी झाडं पाडावी लागत नाहीत. शहरात आपण काय गमावलं, ते इथे पाच मिनिटांत कळतं.

मात्र या शांततेचं ओझं कुणाच्या तरी खांद्यावर होतं. गावात लागणारं सामान घोड्यांवर आणि हातगाड्यांवर वर यायचं. म्हातारी माणसं, आजारी माणसं हातरिक्षात बसायची; एक जण पुढून ओढायचा, बाकीचे मागून ढकलायचे, तेही चढावर आणि भर पावसात. मोटारबंदीचं कौतुक करताना ही माणसं विसरणं अन्यायाचं आहे.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापराला परवानगी दिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानवी ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितलं आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवता येतील, गावातल्या आतल्या वाटांवर नाहीत, हेही स्पष्ट केलं.

वाद अर्थातच झाले. घोडेवाल्यांना पोटाची चिंता होती. ई-रिक्षा आली की मागोमाग मोटारी येतील, ही भीतीही खोटी म्हणता येत नाही.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा शहराने १९९९ पासून जुन्या भागातून मोटारी हटवल्या, पण माल उतरवणाऱ्या गाड्यांना मुभा ठेवली. पुण्यात लक्ष्मी रस्ता पादचारी दिनापुरता मोकळा होतो, तेव्हाही पहिला प्रश्न दुकानदारांच्या मालाचाच निघतो. मोटार हटवण्याआधी सिलिंडर, रुग्ण आणि रोजगार यांची सोय लावावी लागते. माथेरानमध्ये ती आधी माणसाच्या पाठीवर लावली गेली. आता तोच माणूस ई-रिक्षाच्या हँडलमागे बसावा, अशी व्यवस्था उभी करायची आहे.