ट्राय न करणाऱ्या खेळाडूला १० वर्षांचा करार का? रग्बी लीगमधील फॉरवर्डची किंमत कशी ठरते?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या क्लबने जेसन टाउमालोलो या फॉरवर्डशी तब्बल १० वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. आदल्याच वर्षी त्याला लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचं 'डॅली एम' पदक कूपर क्रॉन्कसोबत विभागून मिळालं होतं. पण सर्वाधिक ट्राय करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव वर कधीच नसायचं. मग क्लबने एवढे पैसे मोजले ते कशासाठी?

आधी खेळ समजून घेऊ

भारतात प्रामुख्याने रग्बी युनियन खेळली जाते. रग्बी लीग हा १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये त्यापासून फुटून निघालेला वेगळा खेळ आहे. यात प्रत्येक संघाचे १३ खेळाडू मैदानात असतात. चेंडू हातात आला की ६ टॅकलपर्यंत तो संघाकडे राहतो. तेवढ्यात ट्राय झाला नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. ट्रायचे ४ गुण मिळतात.

८ ते १३ क्रमांकाची जर्सी घालणारे फॉरवर्ड असतात. ८ आणि १० हे प्रॉप, ९ हुकर, ११ आणि १२ सेकंड रो, तर १३ लॉक. बचावाच्या भिंतीला धडका देत संघाला पुढे नेणं हे यातल्या बहुतेकांचं मुख्य काम.

मीटर मोजले की झालं?

फॉरवर्डचा सर्वात चर्चेतला आकडा म्हणजे त्याने चेंडू घेऊन कापलेलं अंतर. सर्वोत्तम हंगामांत टाउमालोलो सामन्याला सरासरी २०० मीटरच्या आसपास धावायचा. प्रॉप किंवा लॉकसाठी हा आकडा मोठा आहे.

पण हा आकडा फसवाही असतो. किक-ऑफनंतर चेंडू झेलून धावणाऱ्याला सुरुवातीचे काही मीटर मोकळे मिळतात. त्याउलट, प्रतिस्पर्ध्याच्या ट्राय लाइनजवळ तीन बचावपटूंना ओढत मिळवलेले ४ मीटर कितीतरी महाग असतात. म्हणून जाणकार टक्कर झाल्यानंतर मिळवलेले मीटर वेगळे पाहतात. खेळाडूची ताकद आणि पायांचं काम त्यातून कळतं.

टॅकलनंतरची काही सेकंदं

टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो. याला 'प्ले-द-बॉल' म्हणतात. दरम्यान बचाव करणाऱ्या संघाला १० मीटर मागे जावं लागतं. फॉरवर्ड पोटावर पडला आणि झटकन उठला, तर बचावपटू मागे पळतच असतात आणि पुढचा हल्ला विस्कळीत भिंतीवर होतो. तो पाठीवर पाडला गेला, तर बचावाला सावरायला वेळ मिळतो.

त्याला पाडायला तिघे लागले, तर बाकीच्या मैदानात बचावपटू कमी उरतात. पुढच्या पासवर विंगर ट्राय करतो आणि धावफलकावर नाव त्याचंच लागतं. फॉरवर्डच्या किमतीचा मोठा भाग असा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

पास, ऑफलोड आणि जोखीम

टॅकल होता होता चेंडू सहकाऱ्याकडे देणं म्हणजे ऑफलोड. सनी बिल विल्यम्स त्यासाठीच प्रसिद्ध होता. अशा पासने बचाव क्षणात उघडा पडतो. पण चेंडू निसटला तर उरलेले सगळे टॅकल वाया जातात. त्यामुळे ऑफलोडचा आकडा चुकांच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

२०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं जिंकणाऱ्या पेनरिथ पँथर्सचा लॉक आयझाया यो वेगळ्या कारणासाठी मोलाचा ठरला. तो थेट बचावाच्या भिंतीपर्यंत जाऊन ऐन वेळी पास देतो. तो स्वतः धावणार की चेंडू देणार, हे बचावपटूला आधी कळत नाही.

तुलना कोणाशी करायची?

सेकंड रोचे खेळाडू मैदानाच्या कडेला हाफबॅकचे पास घेत मोकळ्या जागेत धावतात. त्यांच्या वाट्याला ट्राय जास्त येतात. प्रॉप मधल्या गर्दीत खेळतो. दोघांची ट्रायवरून तुलना करणं म्हणजे सलामीच्या फलंदाजाची तळाच्या फटकेबाजाशी स्ट्राइक रेटवरून तुलना करण्यासारखं.

मिनिटंही पाहावी लागतात. ८० मिनिटांच्या सामन्यात बदल मर्यादित असल्याने प्रॉप सहसा मधे विश्रांती घेतो. ब्रिस्बेन ब्रॉन्कोजचा पेन हास दीर्घकाळ मैदानात राहूनही वेग टिकवतो. त्यामुळे वाचलेला एक बदल प्रशिक्षकाला दुसऱ्या खेळाडूसाठी वापरता येतो.

मग करार फायद्याचा की तोट्याचा?

ऑस्ट्रेलियातील एनआरएलमध्ये संघाच्या एकूण मानधनावर मर्यादा असते. एकाला जास्त दिले, तर दुसऱ्यासाठी कमी उरतात. त्यात नियमही बदलतात. २०२० मध्ये काही चुकांसाठी पेनल्टीऐवजी टॅकलची मोजणी नव्याने सुरू करण्याचा 'सिक्स अगेन' नियम आला. खेळ थांबणं कमी झालं आणि अवजड फॉरवर्डना दम खायला कमी वेळ मिळू लागला. पुढच्या काळात टाउमालोलोची मैदानावरची मिनिटंही घटली.

म्हणूनच एका हंगामाचे मीटर पाहून १० वर्षांची किंमत ठरवणं अवघड असतं. पुढच्या वेळी सामना पाहताना एक करून बघा: फॉरवर्ड पाडला गेला की चेंडूमागे नजर नेऊ नका. त्याला पाडायला किती जण लागले आणि तो किती लवकर उठला, एवढंच मोजा.