आधी परतीची वाट

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. पाहता पाहता जगभरचे पडदे निळे होऊन थिजले. भारतातल्या विमानतळांवर इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांची चेक-इन यंत्रणा बसली आणि कर्मचारी प्रवाशांना हाताने बोर्डिंग पास लिहून देऊ लागले. अमेरिकेत डेल्टा कंपनीची हजारो उड्डाणं पुढचे कित्येक दिवस रद्द होत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे बंद पडलेले संगणक ८५ लाख होते.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर ज्या संगणकांनी ती उचलली होती त्यांना याचा काहीच उपयोग नव्हता. संगणक सुरू व्हायचा, फाइल वाचायचा, कोसळायचा, आणि पुन्हा सुरू झाला की पुन्हा तेच. इंटरनेटपर्यंत पोचण्याआधीच कोसळणाऱ्या यंत्राला दुरुस्ती पाठवणार कशी? शेवटी माणसं निघाली. एकेका संगणकासमोर बसून तो सेफ मोडमध्ये चालू करायचा, ती फाइल शोधून पुसायची, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली मिळवायची. चूक तारेवरून तासाभरात जगभर गेली. ती निस्तरायला माणसांना पायी फिरावं लागलं.

मूळ चूक तशी किरकोळ होती. फाइलमधला नियम २१ रकाने तपासू पाहत होता आणि संगणकातला प्रोग्राम २०च रकाने पुरवत होता. याच प्रकारच्या फाइली मार्चपासून चार वेळा सुखरूप गेल्या होत्या, कारण त्यांत २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं होतं. जुलैच्या फाइलने पहिल्यांदाच तिथे खरी तपासणी मागितली, आणि प्रोग्राम स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. तो विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने त्याच्याबरोबर अख्खा संगणक गेला.

असे दोष होत राहणार. लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये एकही चूक राहणार नाही, असं वचन कोणताही प्रामाणिक अभियंता देत नाही. मला या घटनेतली वेगळीच बाब गंभीर वाटते. मुख्य प्रोग्रामची नवी आवृत्ती आपल्याकडे एक-दोन पायऱ्या उशिरा घ्यायची मुभा कंपनी ग्राहकांना देत होती, आणि अनेक सावध ग्राहकांनी ती घेतलीही होती. तरीही ते सापडले. कारण ही फाइल प्रोग्राम म्हणून गेलीच नव्हती. नव्या धोक्यांची ‘माहिती’ म्हणून गेली होती, आणि माहितीला टप्पे नव्हते. ती सगळ्यांना एकदम जात होती. दुरून पाठवलेली आणि यंत्राचं वागणं बदलणारी प्रत्येक गोष्ट, मग ती प्रोग्राम असो, यादी असो, सेटिंग असो की साधा आदेश, अपडेटच समजली पाहिजे. तिला तीच चाळणी लागली पाहिजे. क्राउडस्ट्राइकने या घटनेनंतर अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आणि ग्राहकांच्या हातात त्यांचं नियंत्रण दिलं.

मग अपडेट नकोच, असं म्हणावं का? तेही परवडत नाही. २७ नोव्हेंबर २०१६ ला जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. मिराय नावाच्या घातक प्रोग्रामचा एक अवतार दुरून देखभालीसाठी ठेवलेल्या दारातून राउटरांवर कब्जा करू पाहत होता, आणि त्या माऱ्याने राउटर कोलमडत होते. कंपनीने घाईने नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, तयार केलं आणि ग्राहकांना सांगितलं की राउटरची वीज काढा, थोडं थांबा, परत लावा. राउटर सुरू होताना नवं फर्मवेअर उतरवून घेत असे. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत जीप गाड्यांच्या संगणकात दुरून शिरता येतं हे दोन संशोधकांनी दाखवून दिल्यावर कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर कराव्या लागल्या, आणि मालकांना टपालाने यूएसबी स्टिक पाठवाव्या लागल्या. दुरून दुरुस्तीची सोय नसली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. स्टिक घरी आली तरी ती गाडीत लावायचं अनेकांकडून राहूनच जातं.

म्हणजे अपडेट हवं, पण चुकलं तर यंत्राला आपलं आपण मागे येता आलं पाहिजे. ही सोय यंत्राच्या आतच करावी लागते, आणि ती यंत्र घडवतानाच करावी लागते. चांगल्या उपकरणात साठवणीचे दोन भाग असतात. चालू आवृत्ती एका भागात असते, नवी आवृत्ती दुसऱ्या भागात उतरते. उतरवताना वीज गेली, नेटवर्क तुटलं, तरी चालू भागाला धक्का लागत नाही. सगळं उतरून तपासून झालं की यंत्र नव्या भागातून सुरू होतं, पण फक्त तात्पुरतं. ठरलेल्या वेळात सगळं ठीक असल्याची खूण पटली नाही, तर वॉचडॉग नावाचं घड्याळ यंत्राला पुन्हा जुन्या भागावर आणतं. अँड्रॉइड फोनमध्ये ही दोन भागांची पद्धत २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीबरोबर आली. तिला दुप्पट जागा लागते आणि जागेला पैसे पडतात. स्वस्तातल्या उपकरणांत नेमकी हीच काटकसर केलेली असते.

यातली ‘सगळं ठीक’ ही अट कोण ठरवतं, यावर बरंच अवलंबून आहे. यंत्र सुरू झालं, दिवा लागला, एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ असतात. खरी कसोटी एकच: नवी आवृत्ती घेऊन यंत्र आपल्या मुख्य केंद्राशी बोलू शकतंय का, आणि पुढचं अपडेट घेऊ शकतंय का? बाकी काहीही बिघडलं तरी ही एक क्षमता टिकली, तर उरलेलं दुरून दुरुस्त करता येतं.

ती गमावल्यावर काय होतं हे मंगळावर दिसलं आहे. नासाचं व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ ला मंगळावर उतरलं. ९० दिवसांच्या कामासाठी पाठवलेलं हे यान सहा वर्षांहून अधिक काळ चालत राहिलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याची जुनी बॅटरी नीट चार्ज व्हावी म्हणून पृथ्वीवरून नवा मजकूर पाठवला गेला. तो स्मृतीत जिथे जाऊन बसला, तिथे अँटेना पृथ्वीकडे वळवण्यासाठी लागणारी माहिती होती. ती पुसली गेली. अँटेना भलतीकडे वळली आणि यानाचा आवाज पुन्हा कधी आला नाही. सगळं शाबूत असलेलं यंत्र केवळ ऐकू येईनासं झालं म्हणून गेलं, याची हळहळ मला आजही वाटते.

तीस वर्षांनी त्याच नासाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही रोव्हर मंगळावर उतरली. तिच्यावर तेव्हा चालू होतं ते उतरण्याचं सॉफ्टवेअर. जमिनीवर चालण्यासाठी आणि यांत्रिक हात वापरण्यासाठी लागणारी नवी आवृत्ती प्रवासातच पाठवून ठेवली होती, पण सुरू केलेली नव्हती. रोव्हरवर एकसारखे दोन संगणक आहेत. आधी मुख्य संगणकावर नवी आवृत्ती थोडा वेळ चालवून पाहिली, परत जुन्यावर आले, मग ती कायम केली, आणि त्यानंतर राखीव संगणकाला हात लावला. या कामाला चार दिवस दिले. करोडो डॉलरची मोहीम, जगाचे डोळे लागलेले, आणि तरी चार दिवस संशोधन बाजूला ठेवून हे एकच काम!

ही झाली एका यंत्राची गोष्ट. यंत्रं लाखांनी असली की दुसरं शहाणपण लागतं, आणि ते आपल्या शेतकऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवं बियाणं तो आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो. उगवण, फुटवा, दाणा पाहिल्याशिवाय सगळं रान त्यावर टाकत नाही. उपकरणांच्या ताफ्यातही आधी स्वतःच्या कार्यालयातली काही, मग शंभरात एखादं, मग दहा, असं जायचं असतं. प्रत्येक पायरीवर थांबायचं, आकडे पाहायचे. किती यंत्रं अपडेट होऊन परत बोलली? किती गप्प झाली? गप्प झालेल्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेलं, तर पुढची पाठवणी माणसाची वाट न बघता आपोआप थांबली पाहिजे. पहिल्या टप्प्यातली यंत्रंही विचारपूर्वक निवडावी लागतात. सगळी पुण्यातल्या उत्तम नेटवर्कमधली घेतली, तर मेळघाटातल्या अशक्त सिग्नलवर काय होईल हे शेवटच्या टप्प्यातच कळेल. जुनं मॉडेल, नवं मॉडेल, उन्हात तापणारं, तळघरात बसवलेलं, महिनोन्‌महिने बंद राहून अचानक सुरू होणारं, प्रत्येक प्रकारचं थोडं थोडं हवं.

त्यासाठी आपल्याकडे कोणकोणती यंत्रं आहेत याची खरी यादी लागते, आणि अनेक संस्थांची गाडी इथेच अडते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलच्या स्मार्ट कुलपांसाठीचं फर्मवेअर दुसऱ्या मॉडेलच्या कुलपांना पाठवलं. सुमारे ५०० कुलपं इंटरनेटपासून तुटली आणि त्यांचे आकडी कोड चालेनासे झाले. त्यांतली बरीच एअरबीएनबीवर घरं देणाऱ्यांची होती. दुरून दुरुस्ती शक्य नव्हती. कुलपाचा भाग काढून कुरियरने कंपनीकडे पाठवा, नाहीतर नवं कुलूप येईपर्यंत थांबा, असं सांगावं लागलं. हे अपडेट माझ्या मॉडेलचं नाही, एवढं ओळखून कुलपाने ते नाकारलं असतं तर प्रश्नच आला नसता. ही तपासणी पाठवणाऱ्याबरोबर घेणाऱ्या यंत्रातही असायला हवी.

आता पाठवणाराच शत्रू असेल तर? २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेटचे हजारो मोडेम निकामी झाले. हल्लेखोरांनी मोडेमच्या देखभालीचीच यंत्रणा ताब्यात घेतली होती आणि स्मृती खराब करणारे आदेश तिच्यातून पाठवले होते. जर्मनीत एनरकॉनच्या ५,८०० पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण त्यांच्यावर दुरून देखरेख करता येईना. व्हायासॅटला जवळपास ३०,००० मोडेम बदलून द्यावे लागले. म्हणून अपडेटवर डिजिटल सही हवी, सही पटली नाही तर यंत्राने ते घेऊ नये, आणि सहीची किल्ली एकाच माणसाकडे किंवा सतत इंटरनेटला जोडलेल्या एकाच सर्व्हरवर नसावी. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे नेलेली ‘द अपडेट फ्रेमवर्क’ ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. किल्ल्या वेगवेगळ्या कामांसाठी वाटलेल्या, महत्त्वाच्या किल्ल्या नेटवर्कपासून दूर, आणि मोठ्या निर्णयाला एकाहून अधिक सह्या. एक किल्ली चोरीला गेली म्हणून सगळा ताफा जात नाही.

हे सगळं आपल्या घराच्या भिंतीवर आलं आहे, म्हणून एवढ्या विस्ताराने लिहावंसं वाटलं. केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरांचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात महावितरण ज्यांना टीओडी मीटर म्हणते तेही दुरून बोलणारे मीटर आहेत. त्यांचं फर्मवेअर दुरून बदलण्याची रीत मानकांत आहे, आणि ती शहाणी आहे: नवं फर्मवेअर तुकड्यातुकड्यांनी उतरवायचं, ते पूर्ण आणि बरोबर आलं का हे तपासायचं, आणि मग वेगळ्या आदेशाने सुरू करायचं. पण मानकात सोय असणं आणि ती शिस्तीने वापरली जाणं यांत अंतर असतं. १२ ऑगस्ट २०२० ला, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर बसवलेल्या दीड लाखांहून अधिक ग्राहकांची वीज एकाएकी गेली. डीपी जळाली नव्हती, तार तुटली नव्हती. वीज तोडण्याचा आदेश चुकून मीटरांना गेला होता. त्यांनी तो निमूटपणे पाळला.

एका वेळी अमुक इतक्याच मीटरांची वीज तोडता येईल, त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागेल, अशी मर्यादा यंत्रणेतच असती तर त्या दिवशी एवढ्या घरांत अंधार झाला नसता. माझ्या मते हाच नियम कायद्याच्या ताकदीने लागू व्हायला हवा.

स्मार्ट मीटरबद्दल आपल्याकडे वाद होतो तो बिलाचा, आणि तो व्हायलाच हवा. त्याच्या जोडीला काही प्रश्न ग्राहक संघटनांनी आणि तुम्हीआम्ही विचारायला हवेत. मीटरच्या फर्मवेअरवर सही करणारी किल्ली कोणाकडे आहे, महावितरणकडे की ठेकेदाराकडे? ठेका संपल्यावर ती कोणाकडे जाईल? एका दिवसात जास्तीत जास्त किती मीटर बदलता येतात? अपडेट फसलं तर मीटर स्वतः जुन्या आवृत्तीवर येतो, की वायरमनने घरोघर जायचं? ऐन उन्हाळ्यात, गणपतीत, दिवाळीत अपडेट थांबवण्याचा नियम आहे का? वीज नियामक आयोग दरांवर जनसुनावणी घेतो आणि लेखी हरकती मागवतो. पुढच्या वेळी दराच्या हरकतीबरोबर हेही लिहून द्या, आणि उत्तर लेखीच मागा.