भाडेकरूचा कुत्रा, घरमालकाचा सोफा

पूर्वी भोसरीत भाडेकरू यायचा तो आपली लोखंडी कॉट, आपली गादी आणि आपला स्टोव्ह घेऊन. खोली म्हणजे चार भिंती आणि एक दिवा. आता इंद्रायणीनगर, मोशी, चऱ्होली या भागांत चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर आणि अधिकारी बदलून येतात, त्यांना फर्निचरसह ब्लॉक हवा असतो. कॉट, गादी, सोफा, पडदे, कपाट, फ्रीज सारे घरमालकाचे. भाडेकरू येतो दोन सुटकेसी आणि पट्ट्याला बांधलेला लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेऊन.

अशा वेळी घरमालक विचार करतो तो अनामत रकमेचा आणि सागवानी कपाटावर उठणाऱ्या ओरखड्यांचा. शेजारी विचार करतात भुंकण्याचा. आरोग्याचा विचार सहसा कोणी करत नाही. तो पुढे आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात, पायावर उठलेले पुरळ किंवा मुलाची धाप घेऊन येतो. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कुत्रा मोठा म्हणून तो जास्त रोगट, असे मुळीच नाही. रेबीज छोट्या पामेरियनकडूनही होतो आणि ग्रेट डेनकडूनही. लस टोचलेला, वेळच्या वेळी फिरवला जाणारा, पिसवा-गोचिडींवर औषध घेणारा मोठा कुत्रा घरात असला तर घाबरण्याचे कारण नाही. मोठेपणाने फरक पडतो तो इतकाच, की त्याचा चावा खोल जातो, तो प्रेमाने अंगावर आला तरी सत्तरीच्या आजीबाई गुळगुळीत फरशीवर पडून खुब्याचे हाड मोडू शकते, आणि त्याचे केस, लाळ व मूत्र यांचे प्रमाण जास्त असते. खरा प्रश्न आहे तो कुत्रा निघून गेल्यावर सोफ्यात आणि गादीत मागे काय राहते, हा.

पिसवा : रिकाम्या घरातले पाहुणे

कुत्र्याच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या थोड्या. बाकीची प्रजा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात असते. पिसू अंडी घालते कुत्र्याच्या अंगावर, पण ती घरंगळून पडतात सोफ्याच्या शिवणीत, गालिच्यात, कॉटच्या फटीत. अंड्यातून अळी निघते आणि अळी स्वतःभोवती कोष विणते. या कोषात पिसू काही खाल्ल्यापिल्ल्याशिवाय कित्येक आठवडे, कधी काही महिनेही वाट पाहत राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते.

म्हणूनच असे घडते, की कुत्रेवाले भाडेकरू मार्चमध्ये गेले, घर दीड-दोन महिने बंद राहिले, मे महिन्यात दुसरे कुटुंब आले आणि आठवड्यात सगळ्यांच्या घोट्यांवर लाल, खाजणारे ठिपके उठले. कुटुंब म्हणते, 'डॉक्टर, हे उन्हाळ्याचे घामोळे दिसते' किंवा 'टाकीचे पाणी बाधले.' घरात कुत्रा नाही म्हटल्यावर पिसवांची शंका कोणाला येणार? घामोळे बहुधा मान, पाठ, छाती, काखा अशा घाम साचणाऱ्या जागी येते. गुडघ्याखाली, दोन-तीन ठिपके जवळजवळ असे पुरळ असेल तर आधी घर तपासावे. पांढरे मोजे घालून सोफ्याभोवती आणि पलंगाखाली पाच मिनिटे फिरावे. काळे ठिपके उड्या मारताना दिसले तर निदान झालेच.

पावसाळ्यातली दमट हवा पिसवांना विशेष मानवते. तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये घर बदलणाऱ्यांनी अधिक जपावे.

गोचीड : भिंतीवर चढणारी

कुत्र्याची तपकिरी गोचीड ही घरात राहणारी जात आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगा, चौकटी, फोटोफ्रेमच्या मागची जागा, पलंगाचे सांधे अशा ठिकाणी हजारोंनी अंडी घालते. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून कित्येक महिने जगते.

या गोचिडीमुळे माणसाला 'इंडियन टिक टायफस' नावाचा ताप येऊ शकतो. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि चार-पाच दिवसांत अंगावर पुरळ. हे पुरळ तळहात आणि तळपायांवरही दिसते, ही त्याची खूण. डॉक्सिसायक्लिन या औषधाने तो बरा होतो, पण उशीर झाला तर प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून तापासाठी दवाखान्यात जाल तेव्हा 'घरात कुत्रा आहे' किंवा 'आधीच्या भाडेकरूंकडे होता' हे आवर्जून सांगा. डॉक्टरांना या एका वाक्याची फार मदत होते.

अंगाला चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी.

दमा आणि गादी

कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असते असे आपण म्हणतो. खरी ॲलर्जी असते ती त्याच्या कातडीच्या कोंड्यातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांची. ही प्रथिने अतिशय सूक्ष्म कणांवर बसून सोफा, गादी, पडदे यांत मुरतात आणि कुत्रा गेल्यानंतरही काही महिने तेथेच राहतात. केर काढून ती जात नाहीत. 'आमच्या जातीचे केस गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्नच नाही' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कोणत्याही जातीबद्दल तशी खात्री देता येत नाही. कारखाने आणि रहदारी यांच्या धुळीने आपल्या भागात दम्याच्या रोग्यांना आधीच त्रास होतो. त्यात अशी गादी उशाशी आली, तर पहाटेची धाप वाढलीच म्हणून समजा.

मलमूत्र

कुत्र्याच्या विष्ठेतून गोल जंतांची व हुककृमींची अंडी पडतात. गोल जंतांच्या अंड्यांपासून संसर्ग होण्याइतपत वाढ व्हायला मातीत दोन-चार आठवडे लागतात. म्हणजे विष्ठा त्याच दिवशी उचलली तर तो धोका टळतो. अंगणात, सोसायटीच्या वाळूत मुले खेळत असतील तेथे हा नियम कडक पाळावा. कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. त्यावरची लस कुत्र्यांना दिली जाते. मूत्र पुसताना हातात रबरी मोजे असावेत, पायाला जखम असेल तर अनवाणी फिरू नये. आणि वास घालवण्यासाठी ब्लीचिंग पावडर व संडासचे ॲसिड एकत्र कधीही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो.

लपवलेला कुत्रा सर्वांत धोक्याचा

पुष्कळ घरमालक करारात 'कुत्रा पाळणार नाही' असे लिहून घेतात आणि निर्धास्त होतात. भाडेकरू सही करतो आणि महिन्याभराने गावाकडून कुत्रा आणतो. मग तो लपवायचा. लपवायचा म्हणून महापालिकेचा परवाना नाही, दिवसा फिरवणे नाही. चाकणला बारा तास जाणाऱ्या माणसाचा मोठा कुत्रा बंद ब्लॉकमध्ये एकटा. कंटाळलेला, चिडलेला कुत्रा आधी सोफा फाडतो आणि मग जिन्यात भेटलेल्या मुलावर धावतो. त्याने चावले तर प्रकरण मिटवण्याकडे सगळ्यांचा कल. 'पाळीव आहे, काही होत नाही,' म्हणून जखमेवर हळद दाबली जाते आणि कुत्रा रातोरात गावाला पाठवला जातो. वैद्यकीयदृष्ट्या याहून वाईट काही नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही असेच धरून चालावे, आणि तो टाळण्याची संधी असते ती चाव्यानंतरच्या पहिल्या तासांत व दिवसांत.

चावा किंवा ओरखडा, कितीही किरकोळ असो, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावा. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे, किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा. ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आताची लस दंडावर टोचतात. स्नायूत द्यायची असल्यास ० (म्हणजे पहिली लस घेण्याचा), ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि कातडीत द्यायची असल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत याशिवाय इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस थांबू नये. तो दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल तर पुढची इंजेक्शने द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

म्हणून माझे घरमालकांना सांगणे असे, की कुत्र्याला कागदावर आणा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीने घालू नये, असे भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तुमच्या स्वतःच्या घराच्या अटी मात्र तुम्ही भाडेकरूशी बोलून ठरवू शकता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याच करारात पुढील गोष्टी घाला.

१) कुत्रे किती, कोणत्या जातीचे, वय काय. करारापूर्वी कुत्र्याला एकदा प्रत्यक्ष भेटा. दिवसा त्याच्याजवळ कोण असणार हेही विचारा.

२) लसीच्या पुस्तिकेची प्रत. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी. सोबत महापालिकेचा परवाना.

३) पिसवा-गोचिडींवरचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित. वर्षातून एकदाच घर फवारून उपयोग नाही. मूळ कुत्र्याच्या अंगावर आहे.

४) गादी, गालिचा आणि कापडी सोफा शक्य तर घर देतानाच काढून घ्या. लाकडी, लोखंडी किंवा वेताचे सामान ठेवा. गादी भाडेकरूने आपली आणावी. हा एकच उपाय अर्धे प्रश्न सोडवतो.

५) घर सोडताना कीटकनाशक फवारणी कोणाच्या खर्चाने, हे आधीच लिहा.

घर रिकामे झाल्यावर दुसऱ्या दिवशी नव्या भाडेकरूला किल्ली देण्याची घाई करू नका. पडदे, अभ्रे, सोफ्याची कव्हरे कडकडीत गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनरने फटी, शिवणी, पलंगाचे सांधे साफ करा आणि त्याची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. नंतर जाणकाराकडून फवारणी करून घ्या. त्या वेळी मुले, गरोदर स्त्रिया आणि दमेकरी घराबाहेर असावेत. फवारणीने कोषातल्या पिसवा मरत नाहीत, म्हणून पुढचे दोन आठवडे रोज घर उघडून, चालून-फिरून, पुन्हा व्हॅक्यूम करा. बाहेर आलेल्या पिसवा औषधावर येऊन मरतात. भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवा. कुत्र्याने भिजवलेली गादी मात्र उन्हात टाकून पुन्हा वापरात आणू नका, ती टाकूनच द्या.

भाडेकरूंनीही घर बघताना नळाला पाणी किती वाजता येते याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आधी येथे कुत्रा होता का, आणि फवारणी कधी झाली? घरात दमेकरी मूल असेल तर हा प्रश्न भाड्याच्या रकमेआधी विचारावा. घरमालकानेही न लपवता उत्तर द्यावे. अकरा महिन्यांच्या भाड्यापेक्षा कोणाच्या तरी मुलाची शांत झोप मोठी आहे.