‘काही करत नाही तो’ याने काय होतं?

सोसायटीच्या फाटकातून कुत्रा बाहेर पडतो, समोरून येणाऱ्या बाई दचकून भिंतीला चिकटतात, आणि पट्टा धरलेला माणूस ते ठरलेलं वाक्य म्हणतो, ‘‘काही करत नाही हो तो!’’ वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि तरीही त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्या बाईंनी कुत्र्याच्या स्वभावाची चौकशी केलेलीच नसते. तो आपल्यापर्यंत पोचणार की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. याचं उत्तर तोंडाने देऊन भागत नाही, हाताने द्यावं लागतं. घाबरलेल्या माणसाचं लक्ष कुत्र्याइतकंच तुमच्या हाताकडे असतं. त्या हातात मोबाईल असेल आणि पट्टा मनगटात नुसता अडकवलेला असेल, तर तुमच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार?

बरं, ही भीती तुमच्या कुत्र्याने निर्माण केलेली नसतेच. रात्रपाळीहून येताना दुचाकीमागे धावलेली गल्लीतली टोळी, लहानपणी पोटरीला बसलेले दात, आणि विशेषतः पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं! मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५च्या सुमारास बंद झाली. आता दंडात काही सुया घेऊन भागतं. पण पन्नाशीपुढच्या माणसाला ‘कुत्रा’ म्हटलं की अजून पोटच आठवतं. शिवाय ही भीती अगदीच वेडगळ नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ‘एवढं काय घाबरायचं’ हे वाक्यही घरीच ठेवलेलं बरं.

आता कुत्र्याच्या बाजूने हाच प्रसंग पाहा. समोरचा माणूस मध्येच थबकतो, डोळ्यांत डोळे घालून टक लावतो, हातातली पिशवी छातीशी घेतो, कधी किंचाळतो. यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याचं कुतूहल तरी वाढवते नाहीतर अस्वस्थता. पिशवी वर गेली, म्हणजे तिच्यात काहीतरी बघण्यासारखं आहे, असं समजून तो उडी मारतो. माणूस पळाला तर मागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. ‘कुत्र्याला भीतीचा वास येतो’ हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. २०१८मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भीतिदायक चित्रफीत पाहिलेल्या माणसांच्या घामाचा वास त्यांनी लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांना दिला. कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्यांच्यात ताणाची लक्षणं दिसू लागली. आनंदी माणसांच्या घामाचा वास आला तेव्हा मात्र ती खोलीतल्या अनोळखी माणसात जास्त रस घेत होती. म्हणजे भीतीच्या वासाने कुत्रा शूर होऊन चाल करून येतो असं काही नाही. तोही कावराबावरा होतो. रस्त्यावर मग दोन घाबरलेले जीव समोरासमोर उभे असतात आणि मध्ये तुम्ही.

या गोंधळात मालक भर घालतो ती पट्ट्याने. समोर कोणी दिसलं की तो घाईघाईने पट्टा मुठीभोवती गुंडाळून मागे ओढतो. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो, की माणूस दिसला की गळा आवळला जातो. पुढच्या वेळी तो माणूस दिसताच आधीच ताठरतो आणि भुंकतो, मग मालक आणखी जोरात ओढतो. पट्टा आखूड हवा पण सैल हवा, आणि तो गाठ पडायच्या आधी आखूड करायला हवा. त्याच्या मुठीचा फास अंगठ्यात अडकवायचा, दुसऱ्या हाताने पट्टा आपल्या मांडीच्या उंचीवर धरायचा आणि खालचा भाग किंचित लोंबू द्यायचा. बटण दाबलं की गुंडाळला जाणारा लांबलचक पट्टा मोकळ्या मैदानावर ठीक आहे. गल्लीत तो मला अजिबात पसंत नाही. बटण दाबेपर्यंत कुत्रा समोरच्याच्या पायांत पोचलेला असतो.

रस्त्यावरची सगळी कसरत शेवटच्या पंधरा-वीस पावलांत असते. माणूस लांबूनच चाल मंदावतो, रस्त्याच्या कडेला सरकतो, लहान मुलाला दुसऱ्या हाताला घेतो. हे दिसलं की आपण वाट सोडायची. जागा असेल तर रस्ता ओलांडावा. नसेल तर उभ्या केलेल्या स्कूटरींच्या मधल्या जागेत शिरावं, कुत्र्याला भिंतीच्या बाजूला बसवावं आणि आपण मध्ये उभं राहावं. पनीरचा नाहीतर उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा खिशात असेल तर कुत्रा तुमच्याकडे बघत राहतो, आणि कुत्र्याचं तोंड आपल्याकडे नाही, हे दिसल्यावर समोरचा अर्धा निवांत होतो. मग म्हणायचं, ‘‘धरलाय मी, तुम्ही व्हा पुढे.’’ हे वाक्य ‘काही करत नाही’पेक्षा कितीतरी बरं. पहिल्यात स्वभावाची हमी आहे, यात डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती.

यासाठी कुत्र्याला ‘बस’ आणि ‘इकडे बघ’ या दोन आज्ञा मात्र पक्क्या याव्या लागतात, आणि त्या घाबरलेल्या बाईंसमोर शिकवता येत नाहीत. घरच्याच कोणाला तरी हेल्मेट, काठी, उघडलेली छत्री घेऊन यायला सांगून सराव करावा. जूनच्या पहिल्या पावसात ओळखीची माणसं अचानक रेनकोटात येतात तेव्हा भली शहाणी कुत्रीही बिथरतात. आणि शेपटी हलतेय म्हणजे कुत्रा खूश, या समजावर विसंबू नये. ताठ उभारलेली, भराभर थरथरणारी शेपटी, झोप नसताना दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारा पांढरा भाग, ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. ती दिसली की गप्पा मारत उभं राहू नये, पुढे चालू लागावं.

लिफ्टचं प्रकरण अवघड, कारण तिथे अंतरच मिळत नाही. तळमजल्यावर दार उघडतं तेव्हा कुत्र्याचं नाक दाराशी असतं आणि बाहेरच्याचे गुडघे नेमके समोर. म्हणून आत शिरल्याबरोबर कुत्रा मागच्या कोपऱ्यात, आपण त्याच्यापुढे, दार उघडल्यावर आधी आपण बाहेर बघायचं, मग तो. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल तर बाहेरूनच विचारावं, ‘‘येऊ का, की तुम्ही पुढे जाता?’’ आपली माणसं भिडस्त. ‘‘या ना, या’’ म्हणता म्हणता कोपऱ्यात सरकतात. त्यांच्या पायांकडे बघावं. पाय मागे गेले की खरं उत्तर मिळालं, आपण पुढच्या फेरीला जावं. पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत सोसायट्यांना बजावलं आहे, हे खरं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो कागद जरूर फडकवावा. लिफ्टमध्ये मात्र एक फेरी सोडल्याने तो हक्क बुडत नाही.

ज्यांना कुत्र्याची भीती नाही, फक्त तो नको असतो, त्यांचं निराळं. कोणाला केसांचा त्रास होतो, कोणी स्कूटरच्या चाकावर रोज सकाळी होणाऱ्या अभिषेकाला वैतागलेला असतो. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. त्या पंथात कुत्र्याची लाळ अशुद्ध मानतात, ती लागली तर सात वेळा धुवायचा नियम आहे. नमाजाला निघालेल्या शेजाऱ्याच्या पायजम्याला ओलं नाक लागलं, तर त्याला घरी परतावं लागतं. पूजेचं तबक घेऊन देवळात निघालेल्या आजींचंही तेच. अशा वेळी दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांचा दाखला हमखास दिला जातो. त्याने कोणाचं मन वळल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. इथे वाद घालूच नये, हातभर जागा जास्त सोडावी.

लहान मुलांची भीती अनेकदा घरातच पेरलेली असते, ‘पटकन जेव, नाहीतर भूभू येईल’ म्हणून. तरीही ‘लाव हात, काही होत नाही’ म्हणत मुलाचा हात ओढून कुत्र्याच्या डोक्यावर ठेवणं हा भीती घालवायचा सर्वांत वाईट मार्ग. भीती उतरते ती अंतर घाबरणाऱ्याने स्वतः ठरवलं तरच. आधी खिडकीतून बघणं, मग पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कुत्रा, कधीतरी पाठमोऱ्या कुत्र्याजवळून जाणं. याला महिने लागले तरी लागू द्यावेत. तेवढ्यात एखादं मूल पळायला लागलंच, तर त्याला झाडासारखं उभं राहायला, हात खाली सोडायला आणि जमिनीकडे बघायला शिकवावं.

मुसक्याचा आग्रह सोसायटीला धरता येत नाही, असंही जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्याच सूचना सांगतात. तरी ज्या कुत्र्याने पूर्वी दात लावलेत, त्याला पिंजऱ्यासारखं मुसकं घालूनच बाहेर न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, कारण कुत्रा अंगातली उष्णता तशीच बाहेर टाकतो. तोंड आवळणारी कापडी नळी फिरायला नेताना घालू नये. आणि हलगर्जी झाली तर कायदाही आहे. प्राण्यापासून कोणाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढं करूनही दात किंवा नख लागलंच, तर ‘लस दिलेली आहे त्याला’ म्हणून विषय संपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि मालकाने सोबत जावं. कुत्र्याच्या लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असलेला बरा, डॉक्टर तो मागतात. सुया किती आणि कोणत्या, हे ते ठरवतील. त्या मात्र वाट न बघता सुरू करायच्या. कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. तो नीट खातोय, पाणी पितोय, नेहमीसारखा वागतोय, हे समोरच्या घरी रोज न विचारता कळवणं हे मालकाचं काम.